बिनदांड्याची मोटार

मोटार घ्यायची एवढंच आपण ठरवायचं असतं, बाकीचं निपाणी ठरवते. मी ही गोष्ट बोललो ती सकाळी दाढी करताना, बायकोजवळ, दार लोटून. दुपारी बाजारात एका तंबाखूच्या दलालाने मला भर रस्त्यात थांबवलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, दांड्याची का बिनदांड्याची?" दाराला फट होती म्हणावं, तर तीही नव्हती.

त्या वेळी, म्हणजे पंचवीस-सव्वीस सालच्या सुमाराला, आमच्या भागात दोन जातींच्या मोटारी मिळत. एक दांड्याची. हिच्या मधोमध एक दांडा उभा असे. तो ढकलून, ओढून, त्याची आई-बहीण काढून गियर बदलायचा, आणि बदलताना पायाने क्लचही दाबायचा. दुसरी बिनदांड्याची. हिच्यात सगळा कारभार पायांचा. खाली तीन पट्ट्या. डावी पूर्ण दाबली की गाडी हळू चालायची, सोडली की जोरात, अर्धी दाबली की जागच्या जागी. मधली दाबली की मागे जायची आणि उजवी दाबली की थांबायची. गियर आत आपले आपणच पडत. ते कसे पडतात हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्याने तसं छातीठोकपणे सांगितलंही.

आमचे शेजारी रायाप्पा मास्तर. कानडी शाळेतून पेन्शन घेतलेले, भिंतीला भिंत लागून राहणारे. आयुष्यात ते बसले बैलगाडीत, आणि एकदा लोंढ्यापर्यंत आगगाडीत. पण एखाद्या वस्तूबद्दल सल्ला द्यायला ती वस्तू वापरलेली असावी लागते, असं त्यांना कधीच वाटलं नाही. ते संध्याकाळीच येऊन कट्ट्यावर बसले.

"छे छे छे! दांडा न्हाय म्हंजे काय, वकील? बैलाला कासराच न्हाय म्हणा की! उद्या ती मोटार मनात येईल तिकडं गेली, तर वडणार कशाला?"

"मास्तर, तिला मन नसतं."

"हे तुमास्नी इकणाऱ्यानं सांगितलं असंल," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

माझा चुलतभाऊ धरणेंद्र याच्याकडे दांड्याची मोटार आधीच होती. त्याची तंबाखूची वखार, त्यामुळे त्याच्याकडे सगळंच माझ्या आधी असायचं. त्याने मला उदार मनाने स्वतःच्या मोटारीवर शिकवायचं कबूल केलं, आणि त्यासाठी मुद्दाम आठवड्याच्या बाजाराचा दिवस निवडला. मी क्लच दाबला, दांडा ढकलला, आणि मोटारीच्या पोटातून असा आवाज निघाला की वखारीत पाला निवडणाऱ्या बायका काम टाकून बाहेर आल्या. मी पुन्हा ढकलला. पुन्हा तोच आवाज. एका म्हशीने दावं तोडलं. चिकोडीच्या कोर्टात मी भल्याभल्या साक्षीदारांची बोलती बंद केली आहे, पण त्या दांड्यापुढे माझीच झाली.

"नेमू," धरणेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "दांडा हातानं वडायचा असतोय रं, डोळं वटारून न्हाय."

त्या क्षणी माझं तत्त्व ठरलं. तत्त्वं बहुधा अशीच ठरतात. घरी येऊन मी जाहीर केलं की दांड्याची मोटार ही जुनाट, अडाणी वस्तू आहे, सुशिक्षित माणसाचे हात मोकळे हवेत, आणि येणारा काळ बिनदांड्याचा आहे.

"तीन पट्ट्या आणि पाय दोन," माझी बायको चंदना पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तिसरा पाय काय मी देऊ?"

या सगळ्या गदारोळात माझी आई कोपऱ्यात मुगाची डाळ निवडत बसली होती. तिचं नाव अक्काताई, पण मी धरून सगळं गाव तिला आक्काच म्हणतं. तिने एकच प्रश्न विचारला, "घाट चढती काय रं?"

घाट म्हणजे तवंदीचा. निपाणीहून बेळगावच्या वाटेला लागलं की तो येतो, आणि त्याच वाटेवर आमचं स्तवनिधी. वडील होते तोवर आक्का दर अवसेला त्यांच्याबरोबर चालत स्तवनिधीच्या पार्श्वनाथाला जाई. पुढे गुडघे गेले, मग छकड्यातून जाई. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती, कारण रायाप्पा मास्तर आणि धरणेंद्र यांची दांड्यावरून कट्ट्यावर जुंपली होती. मी मात्र तो प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारला. तो म्हणाला, "घाट काय साहेब, भिंत चढेल." मग पैसे खिशात घातल्यावर हळूच पुढे म्हणाला, "फार उभा चढ आला तर तोंड फिरवून उलटी चढवा." मला वाटलं, गिऱ्हाईक खूश झाल्यावर हे लोक थट्टा करतात, तशी ही थट्टा. मी मोठ्याने हसलोदेखील.

मोटार दारात आली त्याच दिवशी मी बैल आणि छकडा विकून टाकला. आता कशाला हवेत? आक्काने बैलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती आत गेली. ती काही बोलली नाही, आणि न बोलणं हा कबुलीजबाब असतो अशी माझी वकिली समजूत होती.

धरणेंद्र मोटार बघायला आला तो हात चोळतच. "सर बाजूला, चालवून दाखवतो," म्हणाला. बसला, निघाला, आणि आमच्या गोठ्याजवळ थांबायला म्हणून त्याने सवयीने डाव्या पायाखालची पट्टी दाबली. त्याच्या मोटारीत ती दाबली की इंजिन सुटतं. माझ्या मोटारीत ती दाबली की गाडी निघते. गाडी थांबेना म्हणून त्याने आणखी जोरात दाबली. गाडीने आज्ञा तंतोतंत पाळली आणि गोठ्याच्या कुडातून पलीकडे निघाली. बैल विकलेले होते म्हणून बरं. धरणेंद्र डोक्यावरचा कडबा झटकत उतरला आणि म्हणाला, "गाडीत दोष हाय." रायाप्पा मास्तर म्हणाले, "मी सांगत नव्हतो? कासरा न्हाय!" माझं लक्ष कुडाच्या भगदाडाकडे होतं.

आता परवाना. त्यासाठी एका अधिकाऱ्यापुढे गाडी चालवून दाखवावी लागे. त्या अधिकाऱ्याचं नाव-गाव सांगत नाही, पेन्शनीत सुखाने असतील, राहू देत. मी त्यांना मैदानाला वळसा घालून आणलं. गाडी थांबवली. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"गियर बदलून दाखवा," साहेब म्हणाले.

"बदलला, साहेब. मघाशीच. तो आपोआप पडतो."

"आपोआप? तुम्ही बदलायचा आणि मी बघायचा, असा नियम आहे. दांडा कुठं आहे?"

बाजूला गाडी उभी करायचा एक दांडा होता, तो मी दाखवला. साहेब थंडपणे म्हणाले, "हा ब्रेकचा. मधला विचारतोय मी. मधला दांडा नाही म्हणजे गाडी अपुरी आहे. पुरी करून आणा."

मी कायद्याचा माणूस. मी म्हणालो की नियमात गियर बदलता येणं सांगितलं आहे, दांडा असणं नव्हे, आणि या दोन गोष्टींत फरक आहे. साहेबांनी शांतपणे विचारलं, "वकील आहात?" मी अभिमानाने हो म्हणालो. ते म्हणाले, "मग पुढच्या महिन्यात या."

महिनाभर मी अर्जाचे मसुदे मनात घोळवले. रायाप्पा मास्तरांनी ते सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "अर्ज कशाला, वकील? दांडा पायजे न्हवं त्येस्नी? बसवा की! हौदु अंता हेळी, सोडून द्या!" हो म्हणून मोकळे व्हा, असा त्याचा अर्थ. ज्या माणसाला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला साहेबातलं मात्र सगळं कळत होतं. भरमू लोहाराने एक सळई घडवली, वर जुन्या पलंगाच्या खुराचा लाकडी गोळा ठोकला आणि ती मोटारीच्या मधोमध फळीत रोवून दिली. ती कशालाच जोडलेली नव्हती. पुढच्या महिन्यात मी साहेबांसमोर ती सळई मोठ्या गांभीर्याने पुढे ढकलली, मागे ओढली, एकदा तर कपाळाला आठ्याही घातल्या. साहेब प्रसन्न झाले. "आता कशी गाडी गाडीसारखी वाटते," ते म्हणाले. "दांडा जरा कडक आहे. तेल घाला." मी घालतो म्हणालो.

तर अशा रीतीने, शिक्क्यासह, मी मोटारवाला झालो. मग भाद्रपद आला.

आमच्यात दशलक्षण पर्वात आक्काचे उपवास असतात. शेवटी अनंत चतुर्दशीला ती निर्जळ करते, पाण्याचा थेंब नाही, आणि दुसऱ्या दिवशी पारणं. त्यातून सूर्य मावळल्यावर आम्ही अन्नपाण्याला शिवत नाही. त्या वर्षी चतुर्दशीच्या संध्याकाळी तिने सांगितलं, "उद्याचं पारणं स्तवनिधीला. देवाचं तोंड बघून मग पाणी पिणार मी."

"आक्का, गावच्या बस्तीत दर्शन घे की. घाट कशाला?" मी म्हणालो. बस्ती म्हणजे आमचं जैन देऊळ.

"बोललोय मी देवाला," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, 'बोललोय मी.' "तू त्या मोटारीवर शिकत हुतास, तवा रोज जीव टांगणीला लागायचा. माझ्या नेमूचं हातपाय शाबूत राहू देत, देवा, पर्वाचं पारणं तुझ्या दारात येऊन फेडतो, म्हटलंय."

यावर काय युक्तिवाद करणार? माझे हातपाय पुराव्यादाखल तिच्यासमोर शाबूत उभे होते.

सकाळी निघायचं ठरलं होतं. पण निघायचं नाही, असं सकाळी मोटारीनेच ठरवलं. पुढचं हँडल मारून मारून माझ्या मनगटाला झटका बसला. रायाप्पा मास्तर "देवाचं काम हाय, मी आलो न्हाय तर कसं?" म्हणून धोतर सावरून पुढच्या जागेवर येऊनच बसले होते, तिथून ते मला हँडल कसं मारावं ते सांगत होते. दुपारी कधीतरी ध्यानात आलं की टाकीत पेट्रोल तळाला गेलंय. पेट्रोलचे डबे धरणेंद्राच्या वखारीत, धरणेंद्र संकेश्वरला, आणि वखारीची किल्ली धरणेंद्राच्या कमरेला. शेवटी एका उतारूंच्या सर्व्हिस मोटारवाल्याच्या हातापाया पडून बाटलीभर मिळवलं. गाडी धडधडली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आक्का मागे गादीवर टेकून डोळे मिटून बसली होती. चंदनाच्या मांडीवर मुगाचं कढण आणि गाळलेल्या पाण्याची कळशी होती.

घाटाच्या पहिल्या उभ्या चढावर गाडी खोकली, शिंकली आणि थांबली. मी मिनतवारीने पुन्हा सुरू केली. पुन्हा थांबली.

"दांडा वडा, दांडा!" मास्तर ओरडले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी भरमूची ती सळई दोन्ही हातांनी धरून ओढली. ती फळीसकट उपटून त्यांच्या हातात आली. मास्तरांचा चेहरा असा झाला, जणू त्यांनी बैलाचं शिंगच उपटलं होतं. "अय्यो," ते म्हणाले, "मोडली वो तुमची मोटार!" तो सगळा खटाटोप त्यांच्याच डोक्यातून निघाला होता, हे ते पार विसरून गेले होते.

मग मला तो विकणारा आठवला. पेट्रोलची टाकी पुढच्या जागेखाली, आणि ते इंजिनाकडे उतारानेच वाहत जाणार. गाडीचं तोंड वर झालं की थोडंसं पेट्रोल मागेच राहतं. तोंड खाली केलं की बरोबर पोचतं. म्हणजे घाट उलटा चढायचा. थट्टा नव्हती ती, वापरायची रीत होती.

मी आणि मास्तरांनी जोर लावून गाडी फिरवली. तोंड निपाणीकडे, पाठ देवाकडे. मधली पट्टी दाबली, मान वळवली, आणि काय सांगू, गाडी उलटी सुरसुर घाट चढायला लागली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणालो, "बघितलंस, आक्का?"

"थांब!" आक्का म्हणाली. "थांब म्हणतो न्हवं! माझी पाठ देवाकडं झाली की रं!"

"आक्का, देव अजून लांब आहे."

"लांब असू दे न्हाय तर जवळ. बस्तीतनं बाहेर पडताना सुदीक आपण देवाला पाठ दावत न्हाय, मागं मागं सरतोय. आणि नवस फेडाय जाताना पाठ करून जायचं व्हय? पाणी पिणार न्हाय मी असलं."

मी समजावलं. चंदनाने समजावलं. मास्तरांनी तर देव सर्वत्र असतो, खाली निपाणीकडेही असतो, असं कानडीतून समजावलं. आक्का चंदनाचा हात धरून उतरली आणि चालायला लागली. चार पावलांवर तिचे गुडघे वाकले. रस्त्याकडेच्या दगडावर बसली. ओठ पांढरे फटक पडले होते. सूर्य डोंगराच्या कडेकडे सरकत होता. आज राहिलं तर उद्या सूर्य उगवेपर्यंत पाणी नाही, आणि कालपासून नव्हतंच. या जागी वकिली बाजूला ठेवून सांगतो, मला भीती वाटली. बैल विकल्याबद्दल स्वतःला बडवून घ्यावंसं वाटलं.

आणि अशा वेळी माणसाला जो अजिबात भेटू नये तोच भेटतो. वरून हॉर्न वाजवत धरणेंद्र खाली आला. त्याने उलटी मोटार बघितली, मास्तरांच्या हातातला दांडा बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"नेमू, घाट चढतोयस का उतरतोयस?"

एरवी मी त्याला असं उत्तर दिलं असतं की त्याने कोर्टात दाद मागितली असती. पण आक्का दगडावर बसली होती. मी म्हणालो, "धरणेंद्र, तुझ्या मोटारीतून हिला वर ने. पाया पडतो तुझ्या." धरणेंद्र लगेच गंभीर झाला. तसा मनाचा वाईट नाही तो, फक्त माझ्या आधी असतो. त्याने गाडी वळवली. तोंड वर, देवाकडे. आक्काला सन्मानाने पुढे बसवलं. जाताना त्याने ती घाटात भरधाव चढवली होती, आता भर चढावर उभ्या गाडीचा दांडा पहिल्या गियरात ढकलला, आणि निपाणीच्या बाजारात जो आवाज झाला होता तोच झाला. पुन्हा ढकलला. पुन्हा आवाज. त्याच्या कपाळावर घाम आला. आणि मग ती दांड्याची, भारदस्त, पुढे तोंड असलेली मोटार संथपणे मागे घसरायला लागली.

"धरणेंद्रा!" आतून आक्काची हाक आली. "तोंड देवाकडं हाय, पण देव लांब चाललाय की रं!"

मास्तरांनी धावत जाऊन चाकामागे धोंडा टाकला. गाडी थांबली. दोन मोटारी, एक वकील, एक व्यापारी, एक पेन्शनर, आणि त्या चढावर आमच्यापुढे अशी निवड उभी होती. एक मोटार देवाकडे तोंड करून लांब जाते, दुसरी पाठ करून जवळ जाते. असा पेच कुठल्याही निकालात सापडणार नाही. मी शोधला असता, पण उजेड कमी होत होता.

आक्का धरणेंद्राच्या मोटारीतून उतरली. माझ्या मोटारीभोवती फिरली. मागच्या बाजूला टप घडी करून ठेवला होता, त्यावर हाताने थोपटून बघितलं.

"ह्याच्यावर गादी टाक," म्हणाली. "मी हितं मागं तोंड करून बसतो. चंदना मला आतनं धरंल. आता ने कशी उलटी न्यायची ती."

गादी टाकली. धरणेंद्राने स्वतःचं उपरणं सोडलं, आणि आक्काला कमरेला ते बांधून टोक चंदनाच्या हाती दिलं. आक्का त्या घडीवर देवाकडे तोंड करून बसली, पाय मागे सोडून, हात जोडून. मी मधली पट्टी दाबली, मान उजव्या खांद्यावरून मागे वळवली, आणि आम्ही निघालो.

मास्तर पुढे, म्हणजे मागे, म्हणजे गाडी जात होती त्या बाजूला पळत होते. "डावीकडं घ्या! तुमच्या न्हाय, माझ्या डावीकडं!" पट्टी सोडावी तर गाडी थांबणार, दाबावी तर पोटरीत गोळा. दर्शनाहून परतणारी माणसं समोरून येत होती. त्यांना काय दिसत होतं? पांढऱ्या लुगड्यातली एक कृश म्हातारी, हात जोडलेली, उंचावर बसून आपोआप वर चालली आहे. बाया वाकून नमस्कार करायला लागल्या. एकीने रस्त्यात नारळ फोडला.

"कोण माताजी हैत वो?" कुणीतरी मास्तरांना विचारलं.

"पारणं हाय, पारणं! सरका!"

"आणि आत मान वाकडी करून कोण बसलंय?"

"त्यो व्हय? डायवर हाय," मास्तर म्हणाले.

बी. ए., एलएल. बी. मी काही बोललो नाही. बोलायला तोंड फिरवावं लागलं असतं, आणि तोंड फिरवलं असतं तर आई दरीत गेली असती. उतरणारे लोक परत फिरून आमच्याबरोबर चढायला लागले. "पार्श्वनाथ भगवान की जय!" असा गजर झाला. धरणेंद्राची मोटार धोंड्याला टेकून तिथेच राहिली, आणि तो स्वतः उघड्या खांद्याने माझ्या मोटारीला हात लावून ढकलत होता. गरज नव्हती, पण मी ढकलू दिलं.

बस्तीत पोचलो तेव्हा सूर्य डोंगरावर बोटभर शिल्लक होता. आक्काने दर्शन घेतलं, माझ्या हातापायांकडे बोट दाखवून देवाला काहीतरी पुटपुटली, आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. चंदनाने पाण्याचं फुलपात्र तिच्या तोंडाला लावलं. पहिला घोट तिच्या गळ्यातून उतरताना दिसला, आणि माझे डोळे भरून आले. मास्तर म्हणाले धूळ आहे. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माझी मान सरळ होईना. वैद्याने तेल चोळलं, मास्तरांनी उलट बाजूने झोपायचा सल्ला दिला, तो पाळल्यावर खांदाही धरला. चिकोडीला न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, मी इकडे आहे." मी म्हणालो, "ठाऊक आहे, साहेब. मनाने मी तिकडेच बघतोय."

याहून वाईट पुढेच होतं. गावात बातमी पसरली की वकिलाची मोटार देवाला पाठ दाखवत नाही. गुडघे धरलेल्या जेवढ्या म्हाताऱ्या निपाणीत होत्या, त्या एकेक करून आक्काजवळ येऊन बसायला लागल्या. ज्या मोटारीला दांडा नाही म्हणून साहेबाने अपुरी ठरवली आणि भावाने सदोष, ती आता गावातली सर्वांत धर्मनिष्ठ मोटार ठरली. आणि मी तिचा डायवर. मास्तर कट्ट्यावरून सगळ्यांना सांगत, "बिनदांड्याचीच घ्या, असं मी पयल्यापासनं म्हणत हुतो."

अवस जवळ आली तसा धरणेंद्र घरी आला. त्याने दरम्यान चढावर गियर टाकायचा सराव केला होता, रोज पहाटे, कुणी बघत नसताना. माझी आखडलेली मान बघून त्याला खरोखर वाईट वाटलं असावं.

"आक्का, आता माझी मोटार घाट सरळ चढती," तो म्हणाला. "तीनदा चढवून बघितली. या अवसंला माझ्यासंगं चल. म्होरं बस, देवाकडं तोंड करून, म्हाराणीगत. टपावर बसायला नगो, बांधायला नगो. नेमूची मान बी वाचंल."

मला हायसं वाटलं. कधी नव्हे ते मी त्याच्या बाजूने बोललो. म्हणालो, "बरोबर आहे, आक्का. त्याचीच चांगली. मी कबूल करतो, दांड्याची चांगली."

आक्का डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नगो रं."

"का पण?" धरणेंद्राने विचारलं.

"तुझ्या मोटारीत तू रस्त्याकडं बघणार," ती म्हणाली. "ह्यो घाटभर माझ्याकडं बघत हुता. शाळंत घातल्यापास्नं एवढा येळ ह्येनं माझ्याकडं कवाच बघितलं न्हाय."

धरणेंद्र माझ्याकडे बघायला लागला. कट्ट्यावर मास्तर होते, त्यांनाही सल्ला सुचला नाही. मी बाहेर जाऊन मोटारीवरची गादी उन्हात टाकली.